हौसाच्या लाल रिबिनी

"हिला सांगा, एक पाय उचल आणि डोळे मीट," डॉक्टर केळुसकर म्हणाले.

मी हौसाकडं वळले. आधी माझाच एक पाय उचलून दाखवला, मग दोन बोटांनी स्वतःच्या पापण्या मिटून दाखवल्या. हौसा नुसती बघत राहिली. खूण कळली नाही असं तिच्या बाबतीत कधी व्हायचं नाही, तरी ती हलेना. मी पुन्हा खूण केली, जरा रागानंच. तेव्हा तिनं व्हरांड्याच्या खांबाकडं एकदा पाहिलं, पाय उचलला आणि डोळे मिटले.

ती पडली. डुलली नाही, चाचपडली नाही, उभीच्या उभी कलंडली. डॉक्टरांनी पुढं होऊन धरलं म्हणून बरं, नाहीतर फरशीवर कपाळच फुटलं असतं.

"अगं बाई!" मी किंचाळले. किंचाळून काय उपयोग म्हणा! ऐकणारे तिथं आम्ही दोघंच होतो.

या गोष्टीला आता चाळीस वर्षं होत आली. आजऱ्याच्या अलीकडं, डोंगराच्या पायथ्याला मुलींची एक वसतिशाळा होती. मूकबधिर शाळा म्हणायचे तेव्हा. तिथं मी त्या जूनमध्ये खेळाची शिक्षिका म्हणून लागले होते. रेडेकर बाई. वय चोवीस, खो-खोमध्ये जिल्ह्यापर्यंत खेळलेली, आणि राग कायम नाकावर. पहिल्याच दिवशी मैदानावर गेले आणि सवयीनं गळ्यातली शिट्टी फुर्रकन वाजवली. पन्नास मुलींतली एक वळेल तर शपथ! मी आणखी जोरात वाजवली. शेवटी एका मुलीनं माझे फुगलेले गाल पाहिले आणि हसत हसत बाकीच्यांना खांद्याला धरून वळवलं. ती हौसा.

त्या मुलींच्यात प्रत्येकाला खुणेचं नाव असतं. ते तुम्ही मागायचं नसतं, त्या देतात. हौसाचं नाव होतं हवेत बोट गरगर फिरवायचं, कारण ती खांबाला हात घालून अशी वळायची की बघणाऱ्याला भोवळ यावी. माझं नाव पडलं दोन बोटं ओठांना लावून गाल फुगवायचे. शिट्टी! माझ्यासमोर करायच्या आणि खुसखुसायच्या. मला मेलीला तो मान वाटायचा.

"बाई, इकडं या जरा," डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. बाजूला घ्यायची तरी काय गरज होती? पण माणसाची सवय. "तोल कानातनंही मिळतो माणसाला. आत खोल त्याचीच एक जागा असते. हिला तिसऱ्या वर्षी मेंदूज्वर झाला होता ना? ऐकणं गेलं तेव्हा तेही गेलं. आता ही उभी राहते ती डोळ्यांच्या आणि तळपायांच्या जिवावर. डोळ्यांपुढं काही दिसेनासं झालं की संपलं."

"अहो, पण ही माझी सगळ्यात चपळ मुलगी आहे! खांबावर हिच्यासारखं कुणी वळत नाही."

"वळत असेल. बाकीच्या मुली जरा डुलल्या, दोघी-तिघींना तर काहीच झालं नाही. सगळ्यांचं सारखं नसतं. तब्येतीच्या दाखल्यावर सही मी करतो, खेळवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. सामने आंबोलीला आहेत म्हणता ना? तिकडं भाद्रपदात धुकं उतरतं. पोरीचं डोकं खांबावर आपटलं तर मग मला विचारायला येऊ नका."

आमच्या मुलींना ऐकणाऱ्या शाळांच्या सामन्यात पहिल्यांदाच घेतलं होतं. आणि हौसाचा तो शेवटचाच सामना होता. सोळा पुरी झाली होती, दिवाळीला बाप येऊन तिला वाडीवर घेऊन जाणार होता, ते ठरलेलंच होतं. वाडीवर तिच्याशी बोलणारं कुणी नव्हतं. आई होती, पण आईला चारच खुणा यायच्या. जेव, झोप, पाणी आण आणि गप. बहिऱ्या लेकीला गप म्हणायची खूण! हौसाच मला ते करून दाखवायची आणि पोट धरून हसायची. मला हसू यायचं नाही. तिला हा सामना खेळायचा होता, बस्स. जून महिन्यापासून भिंतीवर कोळशानं दिवस खोडत होती ती.

डॉक्टर गेल्यावर ती समोर येऊन उभी राहिली. हात हलले, "काय म्हणाला?"

"काही नाही. छान आहेस म्हणाला," मी खुणेनं सांगितलं.

तिनं माझ्या हातांकडं पाहिलंच नाही. माझ्या तोंडाकडं बघत होती. मग खांदे उडवून निघून गेली.

दोन दिवसांनी गौरी आल्या. संध्याकाळच्या उन्हात शाळेच्या अंगणात मुलींच्या फुगड्या सुरू झाल्या. गाणं नाही, टाळी नाही, नुसती पायांची धप धप आणि मध्येच कुणाचा तरी हसण्याचा मोकळा, भलताच मोठा आवाज. परकर फुगत होते, धूळ सोनेरी होऊन वर जात होती. मला तर ते सगळं पाण्याच्या तळाशी चाललंय असंच वाटत होतं. एकेक जोडी थकून, धापा टाकत बाजूला होत गेली. हौसा काही थांबेना. एक झाली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी. आणि प्रत्येकीशी फुगडी धरण्याआधी कुंकवाच्या डबीत अंगठा बुडवून त्या मुलीच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावायची. नखरेलच आहे, मी मनात म्हटलं.

मग ती माझ्यापुढं आली. नको नको म्हणेस्तोवर माझ्याही कपाळाला अंगठा टेकला आणि हात धरले.

सुरुवातीला मजा वाटली. मग अंगण गेलं, शाळा गेली, डोंगर गेला. सगळ्याची एक लांबलचक पट्टी झाली आणि मध्ये फक्त हौसाचं तोंड स्थिर. तिचे डोळे माझ्या कपाळावर, जरासुद्धा इकडं तिकडं नाहीत. तिच्या तोंडावर जे सुख होतं ना, ते मी आजवर कुणाच्या तोंडावर पाहिलं नाही. शेवटी माझेच हात सुटले. मी मातीत बसकण मारली, अंगण अजून फिरतच होतं. आणि ही बया दोन पायांवर ताठ उभी! डोळ्यांत भोवळीचा मागमूस नाही.

"तुला चक्कर येत नाही?" मी विचारलं.

"चक्कर म्हणजे काय?" तिनं विचारलं.

आता ते कसं सांगायचं? मी हात टेकले. पण त्या रात्री मनाशी ठरवून टाकलं की हिला खेळवायचं नाही. तिच्या भल्यासाठी, असंच मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला भीती वाटत होती, आणि ते तिला सांगायचीही भीती वाटत होती.

आंबोलीला पोचलो तेव्हा ऊन होतं. एका हायस्कूलचं मैदान, तीन बाजूंनी झाडी, चौथीकडं दरी. समोरच्या संघाच्या मुली उंच, देखण्या, एकमेकींना हाका मारत पळत होत्या. आमच्या मुली गोल करून बसल्या होत्या आणि हौसा एकेकीच्या वेणीला लाल रिबीन बांधत होती. रोजच्या सरावातही ती हेच करायची. एकदा तर तिनं आमच्या मैदानावरच्या दोन्ही खांबांना लाल चिंध्या बांधल्या होत्या, आणि मी त्या सोडून टाकल्या होत्या.

"हे काय? काढा आधी!" मी खेकसले, हातांनी आणि तोंडानंही. "पांढऱ्या रिबिनी ठरल्यात ना? लोक बघायला आलेत. शिस्त दिसली पाहिजे!"

मी स्वतः सगळ्यांच्या वेण्यांमधून लाल रिबिनी ओढून काढल्या आणि पिशवीत कोंबल्या. हौसा माझा हात धरू बघत होती. काहीतरी सांगत होती भराभरा. मी तिच्या हातांकडं पाहिलंच नाही. तशीच वळले आणि खुणेनं म्हणाले, "तू आज बाहेर बसायचं. तुझ्या जागी मालन."

तिचे हात हवेतच थांबले. "का?"

"तुला सर्दी आहे."

तिला सर्दी नव्हती. ती माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, आता रडेल, नाहीतर अंगावर येईल. तसं काही झालं नाही. ती हळूच खाली बसली. मांडी घातली, दोन्ही तळहात जमिनीवर टेकवले आणि मग डोळे मिटून घेतले.

त्या मुलींच्यात याहून मोठा राग नाही. डोळे मिटले की संपलं. तुमचे हात तिला दिसत नाहीत, तुम्ही तिच्यासाठी जगातच नाही. मी तिच्यासमोर उभी राहून हात हलवत राहिले. बघणारे लोक हसले असतील मला.

सामना सुरू झाला. खो देताना पाठीला हात लावायचा आणि तोंडानं 'खो' म्हणायचं, पंचाला ते ऐकू गेलं पाहिजे, हा नियम. आमच्या मुली तो शब्द माझ्या गळ्यावर हात ठेवून शिकल्या होत्या. तीन महिने माझा गळा त्यांच्या बोटांनी लाल व्हायचा. एकीचा खो खोकल्यासारखा, एकीचा घुबडासारखा, एकीचा तर नुसता श्वास. लोक आधी दबकले, मग कुणीतरी हसलं, मग गप्प झाले.

आणि मग दरीतनं धुकं वर आलं. आधी दरीकडचं कुंपण गेलं, मग झाडं गेली. आकाश आणि जमीन यांच्यामधली रेघच पुसून गेली. आमच्या मुली डगमगायला लागल्या. मालन खांबाला वळताना दोनदा घसरली, तिसऱ्यांदा पाऊल मुरगळून बसली. शेवटचा डाव राहिला होता आणि आम्ही पाच गुणांनी मागं होतो. जिंकायला सहाजणींना बाद करायला हवं होतं. पंच म्हणाले, "दहा मिनिटं थांबूया बाई. धुकं जरा विरळ होऊ दे. नाहीतर हाच निकाल धरावा लागेल."

मी मालनचं पाऊल बांधलं आणि हौसाकडं पाहिलं. ती तशीच. मांडी घालून, तळहात टेकवून, डोळे मिटून. भोवती सगळं पांढरं.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ही आधी बसली होती. आधी बसली, हात टेकले आणि मग डोळे मिटले. चिडलेलं माणूस असा विचार करत नाही. उभ्या उभ्या डोळे मिटले तर आपण पडतो हे तिला ठाऊक होतं. डॉक्टरांच्या आधीपासून, माझ्या आधीपासून, तिसऱ्या वर्षापासून ठाऊक होतं! व्हरांड्यात पाय उचलण्याआधी ती घुटमळली होती ती म्हणूनच. मी म्हटलं म्हणून तिनं डोळे मिटले आणि पडली. माझ्या सांगण्यावरून पडली ती.

मला इतकी लाज वाटली की काय सांगू. जाऊन तिच्यासमोर बसले. जमिनीवर थाप मारली, तिच्या तळहातांना कळावी म्हणून. तिनं डोळे उघडले नाहीत. पुन्हा मारली. नाही. शेवटी मी तिचा उजवा हात उचलला आणि माझ्या गळ्यावर ठेवला.

"चुकलं माझं, हौसा," मी म्हणाले. "चुकलं गं. खोटं बोलले मी तुझ्याशी."

तिला शब्द कळणार नव्हते. पण बोटांखाली माझा आवाज अडखळत होता, ते तिला कळलं. तिनं डोळे उघडले.

मग मी सगळं सांगितलं. मोडक्यातोडक्या खुणांनी. डॉक्टर, कान, आत काहीतरी गेलंय, तू पडशील, डोकं फुटेल, मी घाबरले. ती शांतपणे बघत होती. माझं संपल्यावर तिच्या ओठांच्या कडेला हसू आलं.

"मला माहीत आहे," तिचे हात म्हणाले. "अंधार झाला की मी बसते. विहिरीत उतरत नाही. पळताना लाल बघते. एक लाल, मग पुढचं लाल. लाल असलं की जमीन जागेवर राहते."

तिनं बोट उचलून माझ्या कपाळाकडं दाखवलं. मी पिशवी उपडी केली.

आठजणींच्या वेण्यांना लाल रिबिनी मी स्वतः बांधल्या. पंचांकडं गेले. "नारकर साहेब, खांबांना लाल फडकं बांधू का?"

"खांबाला काही बांधता यायचं नाही, बाई."

"मग खांबाच्या पलीकडं, रेषेच्या बाहेर उभी राहू?"

"रेषेच्या बाहेर हवं तिथं उभ्या राहा. पण हे कशासाठी?"

मी परत हौसाकडं पळाले. हौसानं सोबत आणलेल्या कुंकवाच्या डबीत अंगठा बुडवून माझं अख्खं कपाळ रंगवलं. मालन लंगडत दुसऱ्या खांबाच्या मागं जाऊन उभी राहिली, तिचंही तसंच. मी खांबापासून पाच पावलांवर उभी राहिले. धुकं काही विरळ झालं नव्हतं, तरी आम्ही खेळणार म्हटल्यावर पंचांनी डाव सुरू केला.

मला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. नुसतं पांढरं. त्या पांढऱ्यातून आवाज येत होते. खोकल्याचा खो, घुबडाचा खो, श्वासाचा खो. एक लांब, एक जवळ, एक आणखी जवळ. तीन महिने माझ्या गळ्यातनं काढून नेलेले ते आवाज धुक्यातनं परत माझ्याकडं येत होते. मग पावलं वाजली, धुकं हललं आणि हौसा आली. वाऱ्यासारखी. तिचे डोळे थेट माझ्या कपाळावर. एक हात खांबाला, अंग पार जमिनीला समांतर, गर्रकन वळली आणि गेली. ना घसरली, ना डुलली. मी श्वाससुद्धा घेतला नव्हता. मान हलवायची नाही एवढंच मला माहीत होतं. मी हलले तर तिची जमीन हलेल.

"एक बाद!" पंचांचा आवाज आला. मग दुसरा. ती पुन्हा आली, पुन्हा गेली. किती वेळा आली कोण जाणे. तिसरा. माझ्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं, ते पुसायची पण मला सोय नव्हती. चौथा.

आणि शिट्टी वाजली.

वेळ संपली होती. एका गुणानं हरलो होतो आम्ही. समोरच्या संघाच्या दोघी अजून मैदानात होत्या. पंचांनी लांब शिट्टी फुंकली, मग पुन्हा फुंकली. पण आमच्या नऊजणींपैकी ऐकणार कोण? धुक्यात खो येत होते, पावलं धावत होती. थांबायची खूण मी करायची, हात उंच करून, असं आमचं ठरलं होतं. हौसा माझ्याच दिशेनं येत होती, मला बघत होती. नुसता हात वर करायचा होता.

मी हात वर केला नाही.

समोरच्या संघातली एक उंच मुलगी माझ्याजवळच थबकली होती. शिट्टी तिला ऐकू आली होती. तिनं पंचांच्या दिशेनं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, माझ्या रंगलेल्या कपाळाकडं पाहिलं आणि धुक्यातनं येणाऱ्या हौसाकडं पाहिलं. मग हसली आणि पुन्हा पळायला लागली. जीव तोडून पळाली हो ती. खोटं खोटं नाही. तिची मैत्रीणही पळाली. पंचांनी तिसरी शिट्टी वाजवली नाही. किती वेळ तो खेळ चालला, मला सांगता यायचं नाही. एकजण बाद झाली. मग त्या उंच मुलीला हौसानं माझ्यासमोरच सूर मारून गाठलं, आणि दोघी ओल्या गवतात एकमेकींच्या अंगावर पडून हसत राहिल्या.

मग मी हात वर केला.

हौसा धापा टाकत माझ्याकडं आली. सहा बोटं दाखवली. "सहा! जिंकलो?"

एकदा खोटं बोलून झालं होतं. मी मान हलवली. "नाही. चौथ्यालाच शिट्टी झाली. हरलो, एकानं."

"चौथ्याला?" तिनं पंचांकडं पाहिलं, मैदानाकडं पाहिलं. हिशेब तिच्या डोळ्यांत दिसत होता. "मग तू हात वर का नाही केलास?"

कसं सांगायचं? तू येत होतीस, तुझे डोळे माझ्यावर होते, दिवाळीनंतर तू वाडीवर जाणार, मला ते थांबवता येत नव्हतं. यातलं काहीच माझ्या हातांना येत नव्हतं.

हौसानं माझ्या गळ्यातली शिट्टी काढली आणि हळूच माझ्या पिशवीत टाकली. मग बाकीच्यांकडं वळली. मुली धुक्यातनं एकेक करून जवळ येत होत्या, लाल रिबिनी आधी दिसायच्या, मुली मागनं. त्या सगळ्या जमल्यावर हौसानं माझ्याकडं बोट केलं, आणि स्वतःच्या कपाळाच्या मधोमध अंगठा टेकवला. एकदा, घट्ट.

नऊजणींनी ते करून पाहिलं. मालननं दोनदा केलं.

दिवाळीला तिचा बाप आला आणि ती गेली. एसटीच्या खिडकीतनं तिनं अंगठा कपाळाला टेकवला, गाडी वळेपर्यंत तसाच ठेवला. मी पुढं तिथं एकतीस वर्षं शिकवलं. दर जूनला नव्या मुली यायच्या आणि जुन्या मुली त्यांना माझं हेच नाव सांगायच्या. ते कुणी ठेवलं, कशावरून ठेवलं, त्यांना ठाऊक नसायचं. आता माझाच तोल जातो. मागच्या महिन्यात न्हाणीत पडले. सून म्हणाली, भिंतीला दांडी बसवूया. मी म्हटलं, बसव की, पण त्याआधी समोरच्या भिंतीवर कुंकवाचं एक मोठं बोट लाव.

"ते कशाला, आई?" तिनं विचारलं.

मी सांगितलं, "लाव तर खरं."